दशरथचा बैल आणि माझा

लोको शेडमध्ये भंगार साठतं, तसेच किस्सेही साठतात. एक उपसायला जावं, तर खालून चार निघतात. माझे किस्से मात्र फिरून फिरून दशरथवरच येतात. काय करणार! हा माणूस माझ्या डोळ्यात सलायचा.

गोंदियाच्या शेडमध्ये आम्ही दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढतात, आम्ही लोखंडी करायचो. खऱ्या बैलाहून हातभर उंच, खाली चाकं! भंगारातल्या पट्ट्या वेल्डिंगनं जोडून सांगाडा, वरून पोतं, माती आणि रंग. आमचा गोरा साहेब यासाठी शेडमधला गॅस वापरू द्यायचा, तेवढी एक गोष्ट त्याची चांगली.

मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार; ते ज्याला मान देतील तो बैल तोरणाखालून पहिला जायचा. दरवर्षी दशरथचाच! एकदा तरी माझा जावा आणि दशरथचा जीव जळावा, एवढंच मला हवं होतं.

*

एकदा मी शेडच्या फरशीवर खडूनं बैलाचं पूर्ण मापाचं चित्र काढलं. जेवायची सुट्टी त्यात गेली, डबा तसाच राहिला. दशरथ आला, मान तिरपी करून बघत म्हणाला, "गाय चांगली काढली गा, तुळशीराम!"

सगळे हसले. मी चरफडत चित्र पुसलं. जास्त वाईट याचं वाटलं, की ती खरंच गाय दिसत होती.

*

मग ठरवलं, त्याच्याच बैलाचं माप घ्यायचं. सगळे जेवायला गेल्यावर मी दोरी घेऊन त्याच्या सांगाड्याला भिडलो. गळा, छाती, पोट... प्रत्येक मापाला दोरीला एक गाठ. तेवढ्यात मागून दशरथचा आवाज आला, "वशिंडाचं राहिलं गा! थांब, वरून मी धरतो."

असा संताप आला! वशिंडाचं माप न घेताच निघून गेलो आणि आपल्याच अंदाजानं पट्ट्या वाकवून वेल्डिंग मारलं. उस्ताद माझ्या बैलाभोवती एक चक्कर मारून आले. "बेटा, पोले में ऊँट कब से आने लगे?"

*

घरी तरी सुख असावं! बायको दशरथचा बैल बघून आली आणि भात वाढता वाढता म्हणाली, "त्याच्या बैलाच्या डोळ्यात कसा जीव हाये जी!"

"जीव कायचा? सिग्नलच्या दिव्याची फुटकी काच हाये ते!"

"मंग तुमी काऊन नाई लावली? तुमाले शेडात काच नाई भेटत का?"

मी भात तसाच सोडून उठलो.

*

पुढच्या वर्षी मी ईर्षेनं कामाला लागलो. वशिंड पुन्हा पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. तान्ह्या पोळ्याला मालगुजार दोन्ही बैलांकडे बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "मले नाई समजून राहिलं. राजाले आणा गा!"

राजा म्हणजे त्यांचा खरा बैल. एक नंबरचा मारका! गड्याशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही.

राजानं दशरथचा बैल पाहिला. खुरानं माती उकरली, फुरफुरला आणि धाडकन शिंग हाणलं! पोतं टरकन फाटलं. "वा रे दशरथ!" लोक ओरडले. खऱ्या बैलालाही तो बैल वाटला, आता बोलायचं काय! मान दशरथला गेला.

मग राजा माझ्या बैलाकडे वळला. मी मनातल्या मनात हात जोडले. मार रे बाबा, एक तरी मार!

राजानं हुंगलं. आणि डोळे मिटून माझ्या बैलाचा गळा चाटायला लागला. गडी कासरा ओढून दमला, पण हा हलेना! लोक पोट धरून हसले. माझा बैल तोरणाखालून दशरथच्या मागून गेला.

संध्याकाळी बैल न्यायला गेलो, तर मैदान रिकामं झालेलं. माझ्या बैलाच्या गळ्याशी कुणीतरी वाकलं होतं.

दशरथ होता. हातात दोरी, दोरीला गाठी.

"वशिंडाचं राहिलं गा," मी म्हणालो. "थांब, वरून मी धरतो."