उंबऱ्याबाहेरचे बूट

नौपाड्यात देवी टोचायला येणारे ते गृहस्थ पूर्वी पलटणीच्या दवाखान्याबरोबर काबूलकडे जाऊन आले होते. त्यांच्या बुटांचा आवाज आला की मुले माळ्यावर लपत.

माझा मुलगा देवीने गेला, तेव्हा धाकटी टोचायची राहिली होती. ते आले, तशी माझी आई दारात आडवी आली. "देवी अजून घरात आहे. सुई लावाल तर हिलाही नेईल!"

त्यांनी बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि आत येऊन, देवी म्हणून कोनाड्यात मांडलेल्या तांब्यापुढे डोके टेकले.

"तिला विचारलं, आई. आता तुम्ही सांगा."

आईने नातीचा दंड पुढे केला.

"हे पलटणीत शिकलात?" मी विचारले.

"पठाणांच्या दारात. औषधानं मुलूख आपलासा होईल, असं साहेब म्हणे. मी आधी बूट काढी."

धाकटी आता सासरी नांदते. त्या बुटांचा आवाज गल्लीत आला की मी उठून उभा राहतो.