कढीपत्त्यावरची अळी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर कढीपत्ता विकणाऱ्या मावशींना मी ऐटीत सुनावलं, "पाला धूत जा. चिमणी घाण करून गेलीय." नखानं खरवडायला गेलो, तर ती घाण चालू लागली!

"आळी हाय दादा. काळं-पिवळं फुलपाखरू व्हईल." मावशींनी ते पान अलगद पदरात घेतलं. "झाडावर सोडते. लिंबू न्हाई तर कढीपत्ता, दुसरीकडं जगत न्हाई ती."

"एका अळीसाठी एवढं?"

"लेकीनं लावलेलं झाड हाय. आळ्या मारू द्यायची न्हाई कुणाला. ती वारली. फुलपाखरं येतेत अजून."

मी जुडी घेऊन घरी आलो.

घरच्या कढीपत्त्यासाठी मीच फवारणीचं औषध आणून ठेवलं होतं. सगळं ऐकून बायकोनं ती बाटली उचलली. म्हणाली, "आपला पाला त्या मावशींकडूनच आणत जा. हे झाड अळ्यांना खाऊ द्या."