बरसातीतले सर

‘काय करता आपण?’ असं कुणी विचारलं, की तो आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि मग म्हणायचा, ‘सध्या तयारी चालू आहे.’ आमच्या करोलबागेत ‘तयारी’ म्हटलं की कसली ते विचारावं लागत नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा यूपीएससीचा अभ्यास करत असावीत, असा इथला माहोल. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

पण त्याची तयारी संपली होती, हे मला ठाऊक होतं. सगळे प्रयत्न झाले, वयही उलटलं. गावी वडिलांना, म्हणजे आबांना, मात्र ते सांगायचं राहिलं होतं. आमच्या गच्चीवरच्या खोलीत, जिला दिल्लीत बरसाती म्हणतात, तो भाडेकरू म्हणून आला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळी तिथे लातूर-हिंगोलीकडची पोरं जमायची. तो त्यांना राज्यघटना शिकवायचा. मी वाळलेले कपडे काढायला जायचे आणि पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत राहायचे. ‘राज्यपाल म्हणजे घरातले रिटायर झालेले आजोबा,’ तो सांगायचा. ‘सही त्यांची, निर्णय सुनेचा. पण घरात भांडण पेटू द्या, मग बघा आजोबा!’ पोरं हसायची, आणि बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारखीलाही राज्यपाल कळायचा.

‘अहो, तुम्ही शिक्षकच आहात की!’ मी म्हणायचे.

‘छे हो काकू, हे आपलं मधल्या वेळेतलं.’

त्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या क्लासच्या मालकाने त्याला पूर्णवेळ शिकवायला बोलावलं. मला वाटलं, नाहीच म्हणणार. तर जिन्यात थांबून म्हणाला, ‘काकू, मला शिकवायलाच आवडतं, बास. संक्रांतीला आबा येतायत. त्यांना सांगतो आणि होकार कळवतो.’ मला इतका आनंद झाला, की भाजीची पिशवी मी खालीच विसरले आणि दोन जिने चढल्यावर ती आणायला पुन्हा उतरले.

आबा गावच्या मंडळींबरोबर बसने पानिपतला आले होते. काला अंबच्या युद्धस्मारकाला माथा टेकून बस दिल्ली दाखवायला आली, आणि आबा तेवढा दिवस लेकाकडे उतरले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. खुर्चीतही ताठ बसायचे.

‘आधी गच्चीवरचा क्लास बघू दे त्यांना,’ तो मला हळूच म्हणाला. ‘बघितलं की कळेल, मग बोलतो.’ मलाही ते पटलं.

त्या दिवशी त्याने काय शिकवलं म्हणून सांगू! पोरं हसली की आबाही हसत, क्षणभर उशिरा. क्लास सुटल्यावर पोरं आबांच्या पाया पडली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

‘आबा, एक सांगायचं होतं.’

‘मला कळलं रं सगळं,’ आबा म्हणाले. ‘उगंच घोर लावून घेतला होता जिवाला. एवढ्या पोरांला तू शिकवायलास, मग तुझं तर या खेपेला झालंच म्हणायचं!’

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोल ना मेल्या, असं मी मनात ओरडत होते. तो म्हणाला, ‘चहा टाकू का, आबा?’

मला त्याचा संताप आला, आणि संतापाहून जास्त वाईट वाटलं. जे दाखवून तो सुटणार होता, त्या शिकवण्यानेच बाहेरून कडी घातली होती.

क्लासच्या मालकाला त्याने नकार कळवला. उन्हाळ्यात खोलीही सोडली. आता दुसऱ्या कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करतो, असं पोरांकडून कळतं. मला मात्र तो त्याच संध्याकाळचा आठवतो. बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आबा चढले आणि आत काहीतरी बोलले. लगेच खिडक्यांतून हात बाहेर आले.

‘तिळगूळ घ्या, साहेब. गोड बोला.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘हो, मावशी.’ एकेका खिडकीपाशी थांबून, मान लववून, तो दोन्ही हातांनी तिळगूळ घेत गेला. ओंजळ भरली, तरी खिडक्या संपत नव्हत्या.