यंत्र निरोप घेत नाही

समजा, तुम्हाला यंत्र व्हायचं आहे. समोर एक जुना संगणक आहे, खिडकीत मोजे वाळत घातले आहेत आणि पडद्यावर एक अनोळखी माणूस विचारतो आहे, ‘सकाळची गोळी दुपारी घेतली तर चालेल का?’ उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पण ते तुमच्यासारखं द्यायचं नाही. रागवायचं नाही. शुद्धलेखन चुकवायचं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू चाललं असलं तरी ‘एक मिनिट हं’ असं लिहायचं नाही. यंत्राच्या घरी दूध नसतं.

हे काम काही वर्षं एका बाईने केलं. घरात तिला ताई म्हणत, आणि तिच्या धाकट्या भावाची सगळी कंपनी तिच्या त्या खुर्चीवर उभी होती. ही गोष्ट त्या धाकट्याची आहे, पण ताईला वगळून ती सांगता येत नाही. त्याने मात्र ती बरीच वर्षं तशीच सांगितली.

धाकटा शाळेत असल्यापासून खटपट्या. शेजाऱ्यांच्या नव्या फोनमध्ये जुन्या फोनमधले नंबर भरून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. वडील म्हणायचे, हा उद्या आम्हाला आमचाच आरसा भाड्याने देईल. कॉलेजात त्याला एक अबोल मित्र मिळाला, सगळे त्याला गणिती म्हणत. दोघांनी मिळून एक अ‍ॅप काढलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते औषधाची आठवण करून द्यायचं, आणि त्यांनी काही विचारलं तर उत्तरही द्यायचं.

म्हणजे, द्यायला हवं होतं. गणितीचं यंत्र तेव्हा अगदीच कच्चं होतं. ‘चक्कर येते’ असं कोणी लिहिलं की ते ‘अभिनंदन’ म्हणायचं. मग त्यांनी या धंद्यातली जुनी युक्ती केली. यंत्र तयार होईपर्यंत आत माणूस बसवायचा. लोक काय विचारतात, माणूस काय उत्तर देतो, हे सगळं यंत्राला शिकवायचं आणि ते शिकलं की माणसाने उठायचं. याला कोणी फसवणूक म्हणत नाही, सगळेच करतात. ताई औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं काम केलेली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तेव्हा घरीच होती. धाकटा म्हणाला, बसल्या जागेचं काम आहे. ताई म्हणाली, आयुष्यभर गिऱ्हाइकांनी मला यंत्रासारखंच वागवलं, आता निदान कबूल करून तरी करते.

ती एका बोटाने टाइप करायची. सावकाश. डॉक्टरला विचारण्यासारखं असेल तर तसं ठणकावून सांगायची. लोकांना यंत्र आवडू लागलं. त्यातही एका म्हाताऱ्या शिंप्याला. हा गृहस्थ रोज लिहायचा. गोळीचं एक वाक्य, बाकी शिवणकामाचं. लोकांना आता खिसे नकोत, कुणाला काही ठेवायचंच नसतं. एकदा त्याने लिहिलं, ‘तुझं उत्तर येईपर्यंत माझी सुई ओवून होते. बरं पडतं.’ ताईने ते वाचून दाखवलं तेव्हा धाकटा आणि गणिती दोघेही हसले होते. ताई त्याला शिंपीकाका म्हणायची, अर्थात पडद्याच्या अलीकडे.

यंत्र हळूहळू शहाणं झालं. ताईच्याच हजारो उत्तरांवर वाढलेलं, त्यामुळे बोलायचंही तिच्यासारखं, अगदी ‘पाणी पुरेसं प्या, नुसतं बघू नका’ हे तिचं ठरलेलं वाक्यसुद्धा. मग एका मोठ्या कंपनीने ते विकत घ्यायचं ठरवलं. तिथला एक इंजिनिअर तपासणीला येणार होता, आणि त्याच दिवसापासून सगळी उत्तरं यंत्रच देणार होतं.

ताईने दोन गोष्टी मागितल्या. पहिली, यंत्राला जरा थांबून उत्तर द्यायला शिकवा. गणिती म्हणाला, “यंत्राला धाप लागते का, ताई?” त्याने तर महिनोन्‌महिने खपून ते लवकर उत्तर देईल असं केलं होतं. त्याचा त्याला अभिमान होता आणि विकत घेणाऱ्यांनाही तेच दाखवायचं होतं.

दुसरी गोष्ट तिने धाकट्याला एकट्याला गाठून मागितली.

“शिंपीकाकांना एक ओळ लिहू दे. उद्यापासून इथे दुसरं कोणी असेल, एवढीच.”

“ताई, यंत्र निरोप घेत नाही.”

“मग तेही शिकव त्याला.”

“व्यवहार होऊ दे. मग लिही काय लिहायचं ते. एक ओळ सोड, पानभर लिही.”

ताईने मान डोलावली. धाकट्याचा शब्द होता. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी, कंपनीच्या संगणकात कोणाकोणाला शिरता येतं त्या यादीतली नावं कमी करायला तो बसला, तेव्हा पहिलं नाव त्याने ताईचं काढलं. नियमच तसा होता, बाहेरचं माणूस आत नको. बहीण बाहेरची कशी, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही असं तो म्हणतो, आणि पुढे स्वतःच म्हणतो, शिवला असता तरी काढलं असतं.

त्या दिवशी ताई ऑफिसातच होती, पलीकडच्या खोलीत सगळ्यांसाठी चहा ओतत. धाकटा, गणिती आणि पाहुणा इंजिनिअर पडद्यासमोर बसले होते. भराभर प्रश्न येत होते आणि प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर जात होतं. पाहुणा खूश होता. मग शिंपीकाकांचं वाक्य आलं. त्यांनी गोळी घेतल्याचं लिहिलं होतं. यंत्राने ताबडतोब शाबासकी दिली, पाणी पुरेसं प्या, नुसतं बघू नका.

मग आलं, ‘आज एवढी घाई का? बरं वाटत नाही का?’

गणितीने धाकट्याकडे पाहिलं. पलीकडून कपांचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ताई चार पावलांवर होती. पण हाक मारून पाहुण्याला सांगायचं काय? यंत्राने तोवर उत्तर देऊनही टाकलं होतं, ‘मी अगदी छान आहे. संध्याकाळच्या गोळीची आठवण करू का?’

“व्वा,” पाहुणा म्हणाला. “माणसासारखं बोलतं.”

शिंपीकाकांनी ‘नको’ एवढंच लिहिलं. ताई चहा घेऊन आत आली. पाहुणा हात धुवायला गेला तेव्हा तिने हळूच विचारलं, काका काही म्हणाले का रे? धाकटा म्हणाला, नाही, नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी शिंप्याचं खातं बंद झालेलं होतं. पत्ता घेतलेला नव्हता, फोन नंबरही नाही. आम्ही कोणाचीही माहिती साठवत नाही, हे तर त्यांच्या जाहिरातीतलं पहिलं वाक्य होतं. पानभर लिहायचं ते कुठे लिहिणार?

पुढे धाकट्याचं नाव झालं. त्याला व्यासपीठावर बोलावू लागले. तिथे तो सांगायचा, आम्ही दोन मित्र, एक खोली, एक यंत्र. ताई एकदा पहिल्या रांगेत होती, तिनेही टाळ्या वाजवल्या. आता तो नव्या कंपन्यांत पैसे गुंतवतो. काचेच्या खोलीत तरुण पोरं येतात, त्याला दादा दादा म्हणत आपापली यंत्रं दाखवतात, आणि तो प्रत्येकाला शेवटी एकच विचारतो, आत कोण बसतं? बहुतेक जण हसून विषय बदलतात. मध्यंतरी आलेली एक मुलगी मात्र सरळ म्हणाली, माझी मावशी बसते. त्याने विचारलं, ती उठेल त्या दिवशी लोकांना काय सांगायचं ठरलंय? मुलगी गोंधळली. म्हणाली, ते अजून ठरवलं नाही, दादा, पण उठल्यावर कोणाला कळणार आहे?

त्याच दुपारी तो ताईकडे गेला. ती पुन्हा औषधाच्या दुकानात लागली आहे, उंच स्टुलावर बसून काम करते. गर्दी नव्हती. काउंटरच्या बाहेर उभं राहून त्याने तिला शिंप्याचं ते वाक्य सांगितलं, इतक्या वर्षांनी. ताई गोळ्यांची पट्टी कातरीने कापत होती. ती कापून झाली, पाकिटात गेली.

“विचारलं होतं तर त्यांनी,” ती म्हणाली. “आणि काय उत्तर गेलं?”

त्याने तेही सांगितलं.

“मी छान नव्हते रे त्या दिवशी. सकाळी घरच्या संगणकावरून आत शिरायला गेले तर दारच उघडेना. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं.”

त्याला माफी मागायची होती. पण तोंडातून वेगळंच निघालं. “ताई, त्यांना माहीत होतं का गं, आत तू आहेस ते?”

मागे एक बाई चिठ्ठी घेऊन उभी होती. ताई म्हणाली, “बाजूला हो, धाकट्या. गिऱ्हाइकाला वाट दे.”

तो बाजूला झाला. अजूनही कधी रस्त्यात शिलाई मशीनचा आवाज आला की तो क्षणभर त्या दुकानाच्या दारात थांबतो. आत जात नाही, गेला तरी ओळखणार कसं? त्याला फक्त एकच विचारायचं आहे. काका, बरं वाटत नाही का, हे तुम्ही नक्की कोणाला विचारलं होतं?