रिकाम्या टाकीला दाणा

मैंदर्गीच्या पाहुण्यांनी मुलगी बघितली, चहा झाला, खारी संपली, आणि उठता उठता मुलाच्या आईनं, बिस्मिल्लाबींनी, विचारलं, "तुला काय विचारायचं हाय का, बेटी?"

असं विचारायची रीत असते. मुलीनं मान खाली घालून 'नाही' म्हणायचं, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. समरानं मान वर केली.

"विचारायचं काही नाही. सांगायचं हाय. माझी टाकी माझ्याबरोबर येणार."

"टाकी?" बिस्मिल्लाबी हसल्या. "अगं, आमच्याकडं हाय की पाण्याची टाकी. सिमेंटची. गच्चीवर."

"पाण्याची नव्हे. माशांची."

तेव्हा कुठं सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद खोलीत भिंतीला लागून तीन फुटी काचेची टाकी उभी होती. आत हिरव्या पाल्यातून पाच-सहा पांढरे एंजल मासे फिरत होते, तव्यासारखे चपटे, वरखाली लांब पंखांचे. समराचे वडील पीरसाब काच कापायचा धंदा करत. आरसे, तसबिरी, खिडक्या. लेक दहावी पास झाली तेव्हा दुकानातल्या जाड काचा त्यांनी हिऱ्यानं कापल्या, सिलिकॉननं जोडल्या आणि तिला ही टाकी करून दिली. मासे पाळणं मात्र ती स्वतः शिकली. थोडं मोबाइलवर बघून, थोडं सात रस्त्याजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात ज्ञानूचं डोकं खाऊन, आणि बरंचसं मासे मारून मारून.

"लग्नानंतर बघू की," पीरसाब घाईघाईनं म्हणाले.

"नंतर नाही, अब्बा. आत्ताच ठरू दे."

पाहुण्यांत एका बाजूला अतीक बसला होता, नवरामुलगा. मैंदर्गीहून अक्कलकोट, सोलापूर असा माल वाहायचा त्याचा छोटा हत्ती टेंपो होता. तो पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "गाडीत बसंल की टाकी. काय जड हाय त्यात?"

तिला तो तिथंच पसंत पडला.

निकाहाच्या आदल्या दिवशी समरानं टाकी उपसली. भरलेली टाकी हलवली तर सांधे सुटतात, म्हणून पाणी कॅनमध्ये, रेती बादलीत आणि मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. फिल्टरचा काळा स्पंज तिनं टाकीच्याच पाण्यात बरणीत बुडवून ठेवला. बायका म्हणाल्या, हातावरची मेंदी बिघडेल. बिघडली. दुसऱ्या दिवशी रुखसतीच्या वेळी नवरी छोट्या हत्तीत पुढं बसली, मांडीवर माशांच्या पिशव्या घेऊन. मोहोळची एक म्हातारी खाला डोळे पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "रडायचं सोडून ही मासे मोजतीया!"

ती खरंच मोजत होती. रस्त्यात खड्डे लई होते.

मैंदर्गीच्या घरात दखनी बोलत, बाजारात कानडी आणि आल्यागेल्याशी मराठी. समराला तिन्हींत तेच ऐकू आलं: नव्या सुनेनं दारासमोरची जागा अडवली. त्या जागी बिस्मिल्लाबींना नवा फ्रीज ठेवायचा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. अतीकनं स्टँड उचलून नेमका तिथंच ठेवला होता, कारण टाकीच्या पंपाला लागणारं विजेचं बटण तिथं होतं. फ्रीज स्वयंपाकघराच्या तोंडाशी कोंबला गेला आणि त्या दिवसापासून बिस्मिल्लाबी त्याचं दार उघडताना एकदा तरी उसासा टाकायच्या.

पण त्या दुष्ट नव्हत्या. घासूनपुसून लख्ख ठेवणाऱ्या बाई. त्यांच्या घरातल्या पातेल्यात तोंड दिसायचं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं जड की तवा धुऊन उपडा घातला तरी पांढरे डाग पडत, आणि त्या ते डागही लिंबानं घासून काढत. अशा बाईला तो काळा, बुळबुळीत स्पंज रोज डोळ्यांसमोर दिसत होता.

उन्हाळा लागला. पीरसाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून समरा दोन दिवस सोलापूरला गेली. परत आली तर उंबऱ्यातच तिला वास आला. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. एंजल वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. आणि स्पंज? स्पंज नव्यासारखा स्वच्छ होता.

"मी धुतला," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "पावडर लावून, चांगला उकळत्या पाण्यानं. केवढा मळ निघाला, बाई! असल्या घाणीत ठिवतात का जिवाला?"

समरानं स्पंज उचलून हुंगला. मासा पाण्यातच हागतो, आणि त्याचं विष पाण्यातच राहतं. ते विष खाऊन टाकणारे जंतू त्या काळ्या बुळबुळीत स्पंजात वस्ती करतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण टाकी त्यांच्या जिवावर चालते. पावडरीनं आणि उकळत्या पाण्यानं ती वस्ती उठली होती. तिनं पाणी बदललं, हवा वाढवली, औषधाचे थेंब टाकले. पाणी बदलायला होतं ते बोअरचंच. एंजलना ते एकदम झेपेना. त्या आठवड्यात एकेक करून सगळे गेले.

शेजारच्या सुंदरम्मा बघायला आल्या. नात्यातल्या चार बायका आल्या. "वाईट वाटून घेऊ नको, दुल्हन," एक म्हणाली. "घरावर बला येणार होती, ती माशांनी अंगावर घेतली."

बिस्मिल्लाबींनी लगेच मान हलवली. त्यांनाही ते बरं वाटलं असावं.

"बलाबिला काही नव्हती," समरा म्हणाली. "धुण्याची पावडर होती."

सुंदरम्मा पदर सावरून उठल्या. त्या दिवशी सासू-सून वेगवेगळ्या जेवल्या. सकाळी बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "झालं गेलं. आता ती काच मागं अंगणात ठिव. हितं फ्रीज आणू."

"टाकी चालूच राहणार."

"कशाला? आत काय हाय?"

"काही नाही. म्हणूनच."

आणि तिनं त्या रिकाम्या टाकीत चिमूटभर दाणा टाकला.

हे आता रोजचं झालं. सकाळी चहाच्या आधी समरा टाकीसमोर उभी राहायची, डबी उघडायची आणि मासे नसलेल्या पाण्यात दाणा सोडायची. दाणा बुडायचा, कुजायचा. तिला तेच हवं होतं. कुजलेल्यातून विष तयार झालं की ते खायला जंतू पुन्हा स्पंजात वस्तीला येतात. वस्ती बसेपर्यंत मासे आणायचे नाहीत. हे तिनं अतीकला सांगितलं, नणंदेला सांगितलं. अरिबा, तिची नणंद, अक्कलकोटला कॉलेजात जायची. ती म्हणाली, "भाभी, मला कळलं. पण हे गल्लीत कुणाला सांगू नको. अजूनच हसतील."

गल्ली हसतच होती. संध्याकाळी लाइट लागली की उघड्या दारातून टाकी लखलखायची, आत नुसते बुडबुडे. पोरं येऊन विचारायची, "आज कुठला पिक्चर?" सुंदरम्मांनी कानडीत कुणाला तरी सांगितलं, 'हुच्ची', म्हणजे येडी. समराला कानडी फारसं बोलता येत नव्हतं, पण तो शब्द कळला. दुसऱ्या दिवशी तिनं दार आणखी सताड उघडलं. डबी घेतली आणि गल्लीकडं तोंड करून, सावकाश, दिसेल असा दाणा टाकला.

बिस्मिल्लाबींना मात्र काळजीनं घेरलं. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना मनापासून वाटायला लागलं. त्यांनी कुठूनसा ताईत आणला.

"दंडाला बांध, दुल्हन. मन थाऱ्यावर येतं."

"पंपाला बांधा, अम्मी. लाइट गेली की तोच बंद पडतोय."

ते बोलणं जिव्हारी लागलं. बिस्मिल्लाबींनी पीरसाबांना फोन केला. काय सांगितलं कोण जाणे, पण शुक्रवारच्या नमाजानंतर पीरसाब मैंदर्गीला आले ते टेंपो घेऊन. डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. टेंपोत गोधड्या घातलेल्या बघून समरानं ओळखलं, ते कशाला आलेत. काच न्यायला आले की अब्बा अशाच गोधड्या घालत.

"बेटी," ते बसता बसता म्हणाले, "टाकी मी घेऊन जातो. आपल्या घरात राहील. तू येशील तेव्हा बघशील. एका काचेपायी संसारात तेढ नको."

सासूच्या बोलण्याचं तिला काही वाटलं नव्हतं. गल्लीचं तर मुळीच नव्हतं. पण अब्बा? ज्यांनी सांधा सांधा दाबून बघत, रात्रभर वाळवून ती टाकी उभी केली होती, ते अब्बा? तिनं उठून टाकीत दाणा टाकला. त्या दिवशीचा राहिला होता.

पीरसाब बघत राहिले. "खरंच टाकतीस की रिकाम्या पाण्यात."

"टाकते. अब्बा, ही टाकी तुम्ही कुणाला दिली होती?"

"तुला."

"आणि मला कुठं दिलं?"

पीरसाबांनी चष्मा नीट बसवला.

"मला हितं दिलं. मग हे घर माझं असंल तर टाकी हितंच राहील. घर माझं नसंल तर तसं सांगा. टेंपोत जागा हाय. टाकी आणि मी, दोघी येतो." ती बिस्मिल्लाबींकडं वळली. "अम्मी, तुम्हीच सांगा. घर कुणाचं हाय?"

असला प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. बिस्मिल्लाबींचं तोंड लाल झालं. व्याह्यासमोर 'तुझं नाही' कसं म्हणणार, आणि 'तुझं' म्हटलं की हरल्या. त्यांनी मधली वाट काढली. "तुझंच हाय की. कोण न्हाय म्हणतंय? पण टाकी मागच्या खोलीत ठिव. तितं लाव किती लाइट लावायची ती."

"इथंच. दारासमोर."

"येवढी जिद्द बरी न्हाय, दुल्हन."

"मेलेले मासे माझे होते, अम्मी. हसली गल्ली, ती मला हसली. मी मागच्या खोलीत का जाऊ?"

अतीक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. इतके दिवस तो आईच्या ताटात नि बायकोच्या ताटात सारखंच जेवत होता. त्यानं गळा खाकरला. "अम्मी, जागेवरनं आता भांडण नको. राहू दे तिची टाकी. फ्रीजचं दार उलट्या बाजूनं लावून घेतो, म्हंजे उघडताना अडचण व्हणार न्हाय."

"तू बी तिकडंच?"

"तिकडं न्हाय. हितंच हाय."

पीरसाब जेवून परत गेले, टेंपो रिकामाच. जाताना त्यांनी टाकीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, कुठं ओल लागते का बघितलं, आणि लेकीच्या डोक्यावर हात न ठेवताच निघाले. रागावले होते. ते रागावलेलेही तिनं सोसलं.

पाण्याची परीक्षा करायचे थेंब तिनं ज्ञानूकडून आणले होते. कुपीतल्या पाण्यात टाकले की हिरवं, म्हणजे विष आहे. कितीतरी दिवस हिरवंच येत होतं. मग एका सकाळी पिवळं आलं. दुसऱ्या सकाळीही पिवळं. ती अतीकच्या गाडीत बसून सोलापूरला गेली. ज्ञानूनं सवयीनं एंजलची पिशवी काढली.

"एंजल नको. आमचं पाणी जड हाय. जड पाण्यात जे माजतात ते दे."

ज्ञानूनं काळे मोली दिले. कोळशासारखे काळेभोर, बोटाएवढे. मैंदर्गीच्या बोअरच्या पाण्यात ते असे रुळले की जणू त्यांचा बाप तिथलाच. पावसाळा सरायच्या आत पाल्यामध्ये तिळाएवढी पिल्लं दिसायला लागली. पिक्चर विचारणारी पोरं आता काचेला नाक लावून बसायची आणि समरा त्यांना हाकलायची, कारण काचेवर टिचक्या मारत. सुंदरम्मांच्या सुनेनं जाता जाता विचारलं, थोडी पिल्लं मिळतील का? समरा म्हणाली, "आधी टाकी आणा. महिनाभर रिकामी चालवा. रोज दाणा टाका, दार उघडं ठेवून. मग देते." ती सून परत आली नाही.

बिस्मिल्लाबींनी टाकीचं नाव काढणं सोडलं होतं. एके दुपारी समरा बादलीत टाकीचं पाणी घेऊन स्पंज हलकेच दाबत होती. काळं पाणी बादलीत उतरत होतं. बिस्मिल्लाबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता, सूप खाली न ठेवता, त्या म्हणाल्या, "ते पांढरे मासे पावडरीनंच मेले का गं? खरं सांग."

समराला सहज खोटं बोलता आलं असतं. इतक्या दिवसांनी, चांगुलपणानं.

"व्हय अम्मी. पावडरीनंच."

बिस्मिल्लाबींनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. "मग मला आधी सांगून ठिवायचं न्हाय का, धुवायचा न्हाय म्हणून?"

"सांगायला पाहिजे होतं. तुम्ही बी विचारायला पाहिजे होतं."

"माझ्या घरात मी विचारू?"

"माझ्या टाकीचं, व्हय."

सूप थांबलं. आता पुन्हा पेटणार असं वाटून आतल्या खोलीत अरिबानं पुस्तक मिटलं. पण बिस्मिल्लाबी नुसत्या त्या काळ्या बादलीकडं बघत होत्या, घासण्याची सवय असलेली बोटं आवळून.

"मग धुत्यात कसा?"

"टाकीच्याच पाण्यात. दोनदा दाबायचा, बास. मळ ऱ्हायला पाहिजे."

"मळ ऱ्हायला पाहिजे!" बिस्मिल्लाबींनी जोरात सूप पाखडलं. "मी न्हाय असलं कदी करणार. नुसतं विचारलं."

"नका करू," समरा म्हणाली आणि स्पंज परत टाकीत सोडला.