घाटंजीजवळच्या चुलीवर ब्राझीलचा सॉसेज-भात

मागच्या महिन्यात इथे सॉसेज घातलेल्या भाताचा फोटो टाकला, तेव्हा तिघीचौघींनी विचारलं की नागपूरच्या बाईच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ आला कुठून. ते सांगायचं तर साठच्या दशकात आम्ही दोघांनी नागपूरहून घाटंजीकडे केलेला एक प्रवास सांगायला हवा.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच त्यांची पलटण शांतिसेनेत गाझाला गेली. मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते. वर्षभराने ते परत आले आणि आठवड्याच्या आत म्हणाले, "गावाले जाऊ. मले मायले माह्या हातचं जेवू घालाचं हाय."

त्यांनी आजवर चहासुद्धा केलेला मी पाहिला नव्हता. मग कळलं की गाझात शेजारच्या छावणीत ब्राझीलचे शिपाई होते आणि त्यांच्या स्वयंपाक्याशी यांची गट्टी जमली होती. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, तरी दर रविवारी हे त्याच्या भटारखान्यात जाऊन बसत, कांदे चिरून देत. तिथे खाल्लेला लसूण-टमाट्याचा, सॉसेज घातलेला खमंग भात त्यांच्या जिभेवर बसला होता. ट्रंकेतून त्यांनी गोडसर वासाच्या लाल मिरचीपुडीचा एक चपटा डबा काढून दाखवला, जणू तो सोन्याचा असावा तसा.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी सहाची एसटी धरली. वर्ध्याला उतरून भजी आणि चहा घेतला, देवळीच्या पुढे रस्त्याला खड्डे लागले. कळंबपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया. दुपारी यवतमाळ. तिथल्या बाजारात आम्ही चार शेर चांगला तांदूळ घेतला. हा सगळा ज्वारीचा मुलूख, भात सणावारी शिजायचा. पुढे घाटंजीची गाडी मिळाली, तिकीट अकरा-बारा आणे असावं. एका म्हाताऱ्याच्या कोंबड्या माझ्या पायाशी होत्या. घाटंजीहून गावापर्यंत दोन कोस बैलबंडीतून. आता ज्यांना जायचं असेल त्यांना हिंगणघाट-पांढरकवड्याच्या मोठ्या रस्त्याने अर्धा दिवसही लागत नाही, पण थंडीतच जा. वैशाखात त्या भागात फिरणं जिवावर येतं.

सासूबाईंना सगळे मायच म्हणत, मीही. लग्नातले चार दिवस सोडले तर मी त्यांच्याजवळ राहिलेच नव्हते. उंच, कमी बोलणाऱ्या. लेकाला पाहून त्यांनी त्याच्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळला रे." मग मला आत नेऊन गरम पाणी दिलं. रात्री भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. "उद्या तू चुलीजवळ नाही बसाचं," हे मायला म्हणाले. त्या हसल्या. "बरं बाप्पा. पाहू तुही साहेबी."

दुसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. हे एकटेच पायी गेले आणि दुपारपर्यंत परत आले. हातात पळसाच्या पानात बांधलेले दोन पुडे. एकात मटण. दुसरा त्यांनी अंगणात उघडला तेव्हा माय तांदूळ निवडत होत्या.

"हे काय आणलं?"

"आतडी, माय. बकऱ्याची. धुवून यात मटण भराचं, त्याचं सॉसेज होते."

मायनी सूप खाली ठेवलं. शेजारच्या गयाबाई, ज्या गाझाहून आलेल्या यांना पाहायला म्हणून आल्या होत्या, त्या उठून आपल्या घरी गेल्या.

"उचल ते," माय म्हणाल्या.

"अवो, पण तिथं गोरे लोक हेच खातेत. मोठे मोठे साहेब खातेत."

"साहेबानं खाल्लं म्हणून तुले चांगलं वाटलं काय?"

एवढंच बोलून त्या उठल्या आणि मागल्या अंगणात निघून गेल्या. यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. मला काहीच उमगत नव्हतं. माझे वडील नागपूरच्या गिरणीत होते, मी शहरात वाढलेली. मी मायच्या मागे गेले आणि शेजारी बसले. त्या आपणहून बोलल्या.

"गावात ढोर मेलं का बोलावणं आपल्या दारी ये. ओढून न्या, फाडा, खा. पोटाले दुसरं काय होतं? आतडी धुवाचं मले माह्या सासूनं शिकवलं. हाताचा वास चार दिस जाये नाही. नागपूरले दीक्षा घेतली, घरी आली, तशी सारी मडकी फोडली. सांगतलं गावाले, आता हे हात त्याले लागाचे नाहीत. आठ वर्सं झाली पोरी. आन् आज माह्याच पोरानं..."

हे मागच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते येऊन मायसमोर जमिनीवर बसले.

"माय, एक सांगाचं होतं. त्या स्वयंपाक्याजवळ पहिल्या दिवशी अशीच आतडी होती. त्याच्यानं धुताना फाटून राह्यली होती. मी घेतली न् धुवून देली. लहानपणी तुह्याजवळ बसून पाह्यलं होतं, हाताले ठाऊक होतं. तो लय खूश झाला. हातानं खुणा करून विचारे, कोणं शिकवलं, कोणं शिकवलं. मी छातीवरच्या बिल्ल्याले हात लावला. म्हटलं, फौजेनं."

मायनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुहं नाव घ्याची लाज वाटली मले," ते म्हणाले. "वर्सभर त्याच्याजवळ जेवलो, पण सांगतलं नाही. म्हणून तुह्यासाठी कराचं होतं. चुकलंच माहं. टाकून येतो ते."

ते उठायला लागले, तेव्हा मायनी विचारलं, "मेलेलं होतं काय ते?"

"नाही. सकाळी माह्यासमोर कापलं. सगळ्यांच्या रांगेत उभा राहून घेतलं."

"फुकट देलं?"

"नाही. मटणासारखे पैसे देले."

माय उठल्या. मग पदर खोचला. "तू फाडशील ते. धुवून मी देतो. खाईन का नाही, ते माह्या मनावर."

ज्यांना हा पदार्थ घरी करायचा आहे त्यांनी इथे लक्ष द्या, कारण इतकी सफाई मी नंतर कुठे पाहिली नाही. मायनी आतडी तुराटीच्या गुळगुळीत काडीवर चढवून झर्रकन उलटी केली. मीठ आणि ज्वारीचं पीठ चोळून चार पाण्यांतून काढली. एका टोकातून पाणी भरून कुठे भोक आहे का ते पाहिलं. एकही नव्हतं. मटण लाकडी ठोकळ्यावर बारीक खिमा केलेलं, त्यात लसूण, मीठ, लिंबाचा रस आणि गाझाची ती पूड. ती मायनी जिभेवर ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "याले तिखट म्हणतेत?" मग दोन चमचे भिवापुरी तिखट पडलं. तेलाच्या नरसाळ्यातून हे भरत होते, मी दोऱ्याने बांधत होते. सॉसेज तेलात लालसर परतून काढले, त्याच तेलात कांदा, टमाटे, पुन्हा लसूण, वर तांदूळ आणि आधणाचं पाणी. शेवटी सॉसेजचे तुकडे पेरून झाकणावर निखारे.

वासाने गयाबाई परत आल्या. त्यांना ताट वाढलं. दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "हे तेच हाय काय वो? लय मस्त लागते."

मला वाटलं माय विषय बदलतील. त्या म्हणाल्या, "पोरानं सातासमुद्रापलीकडून आणलं. साफ मी केलं."

हे ताटात पाहत जेवत राहिले. मायनी स्वतःसाठी भात घेतला, दोनदा घेतला. सॉसेजचे तुकडे मात्र त्यांनी एकेक करून लेकाच्या ताटात सरकवले. त्यांना कोणी आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मायनी तुरीची डाळ आणि जवस बांधून दिलं. परतीच्या एसटीत हे कळंबपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "भात बरा झालता ना?" मी म्हटलं, छान झाला होता.

नागपुरात आम्ही तो भात वर्षातून दोन-तीनदा करायचो. गाझाची पूड संपली, भिवापुरीवर भागलं. मायनी मात्र सॉसेजचा तुकडा कधी तोंडात घातला नाही, आणि का नाही हे घरात कोणी विचारलं नाही. त्यांनी काय सोडलं होतं आणि त्याची त्यांना काय किंमत पडली होती, ते त्या दुपारी आम्हा दोघांना कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या. एका रविवारी मी खाटकाकडून आतडी आणली आणि नळाखाली कशीबशी धुवू लागले. माय मागे येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ पाहिलं, मग पाट ओढून माझ्याजवळ बसल्या, काडी मागितली.

"पाह्य इकडं," त्या म्हणाल्या. "मले शिकाच लागलं होतं. तुह्यावर तशी पाळी नाही. वाटलं तर कर, नाही तर नको करू."

मग त्यांनी माझा हात धरून मला ते शिकवलं.