सतरावी हरकत

वर्ध्यात सूर्य उगवायचा तो आमच्या शेजारच्या काकाजींनी त्याची कागदपत्रं तपासून झाल्यावरच, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. एवढा संशयी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. काकाजी जमीन मोजणी खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं ते आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत साखळी ओढत फिरले, आणि त्या तीस वर्षांत शेताचा धुरा, म्हणजे बांध, दोन बोटं तरी सरकवला नाही असा एकही माणूस आपल्याला भेटला नाही, असं ते शपथेवर सांगत. त्यामुळे समोर कोणी आला की यानं काय सरकवलं असेल हा विचार त्यांच्या मनात आधी येई, आणि याचं नाव काय हा नंतर. कोणी नमस्कार केला तर ते नमस्कार परत करण्याआधी विचारत, "काऊन? काय काम हाय?"

पत्र पेटीत टाकलं म्हणजे ते पोचलं, असं तुम्हीआम्ही समजतो. काकाजी पेटीपाशी सावलीत उभे राहत, टपालवाला पेटी उघडायला आला की आपलं पत्र थैलीत पडताना डोळ्यांनी बघत आणि मग थैलीबरोबर चालत पोस्टापर्यंत जात. गाडीचं तर विचारूच नका. स्टेशनात नागपूरची गाडी उभी असली की आधी हमालाला, मग गार्डाला आणि शेवटी डब्यात बसलेल्या एखाद्या गृहस्थाला ते विचारत, "ही गाडी नागपूरलेच जाते ना?" तिघांनीही हो म्हटलं की यांचा चेहरा उतरे. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिघंही एकच सांगून राह्यले, मास्तर. ठरवून आलेले दिसतात." आम्ही गेलो त्याच गाडीनं, पण नागपूरच्या वाटेवरचं सिंदी स्टेशन दिसेपर्यंत काकाजींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

माझ्यावर त्यांचा विशेष लोभ, म्हणजे विशेष संशय होता. मी शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. उशिरा घरी आलो तर मी चोरून शिकवण्या करतो असं त्यांना वाटे, आणि मी खरंच करत होतो. त्यांच्या झाडाची लिंबं कमी भरली की त्यांची नजर आमच्या लोणच्याच्या बरणीवर जाई. आता सांगायला हरकत नाही, लिंबं आमच्याच बरणीत असत. मात्र ती तोडून भिंतीवरून आमच्या घरात देणारा हात त्यांच्या घरातलाच होता, एवढं त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

तो हात जिजीचा. जिजी काकाजींची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली, आणि आई गेल्यावर तिनंच या भावाला वाढवलेलं. दोघांत मिळून घरात जेवढा संशय यायचा होता तेवढा सगळा काकाजींनीच घेतला असावा, कारण जिजीच्या वाट्याला त्यातला कणभरही आला नव्हता. दारात येईल त्याला ती "बस, काय खातं?" एवढंच विचारायची. पण थंडी आली की तिचे गुडघे आखडत आणि हातांच्या मुठी मिटून जात. दिवाळी झाली की काकाजी अंगणात बाज टाकून देत, अकरापासून तीनपर्यंत ती उन्हात बसे, आणि मग संध्याकाळी तिची बोटं उघडत. ज्या दिवशी आभाळ भरून येई त्या दिवशी ती आपल्या हातानं जेवू शकत नसे. मग काकाजी दार लावून घेऊन तिला भरवत. दार लावत ते अशासाठी, की आपण असं काही करतो हे गावाला कळू नये.

आणि नेमक्या त्या अंगणाच्या दक्षिणेला जुन्या रुईच्या वखारीची रिकामी जागा होती. आम्ही वर्धेकर तेव्हा मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूरला होती, आणि एके दिवशी नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली की वखारीच्या जागेवर तीन मजली इमारत बांधायला एका शेठजींनी परवानगी मागितली आहे. त्यात बारा बिऱ्हाडांचे बारा ब्लॉक होणार आणि ज्यानं त्यानं आपापला ब्लॉक मालकीनं घ्यायचा. कोणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी. भर बाजारात असलं काही आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. चहाच्या दुकानात दोन तट पडले. एक म्हणे आता वर्ध्याचं नागपूर होणार, दुसरा म्हणे वरच्या मजल्यावरून साऱ्या गावाची न्हाणीघरं दिसणार, आणि पहिला तट त्यावर जरा जास्तच वेळ विचार करी.

काकाजींनी सोळा हरकती काढल्या. वरच्याचा संडास खालच्याच्या देवघरावर येतो त्याचं काय, ही पहिली. वरच्या मजल्यावर कोणी वारला तर तिरडी जिन्यात वळणार कशी, ही दुसरी. सहावी मला फार आवडली होती. जमिनीला खसरा नंबर असतो, हवेला नसतो, तर तिसऱ्या मजल्याचा मालक कशाचा मालक? "पटवाऱ्याजवळ हवेचा नकाशा हाय काय?" असं त्यांनी भर सभेत अध्यक्षांना विचारलं होतं, आणि अध्यक्षांनी खरोखर सेक्रेटरीकडे वळून पाहिलं होतं. पण या सोळांत काही दम नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. खरी हरकत सतरावी. इमारतीची सावली हिवाळ्यात अर्जदाराच्या अंगणावर पडते. जिजीचं नाव मात्र त्यांनी घातलं नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "घरातल्या बाईचं दुखणं कमेटीच्या फाइलीत लावू काय मी?"

सतरावीचा पुरावाही त्यांनी तयार केला होता. पौष महिन्यात दोन बांबू एकाला एक बांधून, इमारत जेवढी उंच होणार तेवढा उंच खांब त्यांनी हद्दीवर उभा केला. दुपारी बाराला त्याची सावली अंगण ओलांडून, बाजेवर बसलेल्या जिजीच्या अंगावरून पार विहिरीपर्यंत गेली. तिच्या टोकाला काकाजींनी चुन्याची रेघ मारली. जिजी म्हणाली, "बांबूची सावली ते केवढी. हटवजो नको, असू दे." आपल्याविरुद्ध काय चाललं आहे हे तिला कधी कळायचंच नाही.

आता प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करा असा अर्ज नगरपालिकेला द्यायचा होता. माझं अक्षर बरं, म्हणून काकाजींचे सगळे अर्ज मीच पक्के करून द्यायचो. या अर्जात त्यांनी आपला सगळा संशय ओतला होता. कमेटीचे लोक मुद्दाम सकाळी येतील, नाहीतर संध्याकाळी येतील, सावली भलतीकडे असताना येतील, अशी त्यांना पक्की खात्री होती. म्हणून त्यांनी लिहिलं होतं की पाहणी "बरोबर दुपारी बारा वाजता, एक मिनिट अलीकडे नाही की पलीकडे नाही" अशीच व्हावी. त्या ओळीखाली दोन रेघा होत्या. मी लिहीत गेलो आणि ओळ संपल्यावर माझा टाक थांबला. तास पक्का बांधला होता, पण महिना लिहायचा राहिला होता.

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या बारा ब्लॉकांतल्या एकासाठी मी गुपचूप नाव दिलं होतं. आमच्या दोन खोल्यांना नळ नव्हता, चार बिऱ्हाडांत एक नळ आणि त्यावर रोज भांडणं. घरात स्वतःचा नळ असावा, एवढं एकच मागणं माझ्या बायकोनं लग्नानंतर केलं होतं. "काकाजी, महिना?" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते समोर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी शाई टिपली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, अक्षराला मान डोलावली आणि खाली सही केली.

पाहणी एकदा अध्यक्षांच्या पुतणीच्या लग्नासाठी, एकदा ओव्हरसियरच्या रजेसाठी आणि एकदा विनाकारण पुढं गेली. शेवटी कमेटी आली ती मे महिन्याच्या अखेरीला, पण अर्जाप्रमाणे ठीक बारा वाजता. काकाजी आदल्या दिवशीच नगरपालिकेत जाऊन हिवाळ्यापर्यंत थांबा म्हणून सांगून आले होते. तिथं त्यांना त्यांचाच अर्ज वाचून दाखवण्यात आला. खांब उभा होता. सूर्य नेमका डोक्यावर. डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळलेली पाच माणसं त्या खांबाभोवती सावली शोधत फिरली. बुंध्याशी ती हातभर होती.

"सावली कुठी हाय, काकाजी?" अध्यक्षांनी विचारलं.

"पौषात या, दाखवतो," काकाजी म्हणाले.

"अहो, या गावात सावलीवर हरकत घेणारे तुम्ही पहिलेच. पडली तर पडू द्या ना, गारवा होईल."

सगळे हसले. तेवढ्यात जिजीनं ओसरीवरून हाक मारली, "उन्हाचे आले बापा, पन्हं पेऊन जा." पाचही जण ओसरीत बसले, अध्यक्षांनी दोन पेले घेतले, आणि त्याच आठवड्यात मंजुरी झाली. काकाजी संध्याकाळी भिंतीपाशी आले. "कमेटी फितवली, समजू शकतो. पण शेठजीनं सूर्य कसा काय फितवला असन, मास्तर?" ते विनोद करत नव्हते.

इमारत उभी राहत होती तेवढ्यात आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. काकाजींना तेही पसंत पडलं नाही. "एवढा जिल्हा उचलून तिकडं नेला. मोजणी कोणी केली?" असं ते कोणालाही विचारत. पुढं इमारत पुरी झाली आणि ब्लॉक घेतल्याचं त्यांना सांगण्याची वेळ माझ्यावर आली. मी भिंतीपाशी उभा राहून बरीच प्रस्तावना केली. ते मध्येच म्हणाले, "सातवं नाव तुमचं. यादी मी पहिल्याच आठवड्यात पाह्यली होती."

"मग माझ्याकडून अर्ज कशाला लिहून घेतले?"

"अक्षर चांगलं हाय तुमचं," काकाजी म्हणाले. "आन् लिहिण्यात तुम्ही लबाडी नाई करणार, एवढं मी ओळखतो."

मला त्या क्षणी भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. लबाडी मी लिहिण्यात केलीच नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या मागच्या गॅलरीतून मला त्यांचं अंगण दिसायचं. आमच्या घरात नळाला पाणी होतं आणि खाली अंगणभर सावली होती. काकाजींनी बाज आधी विहिरीकडे सरकवली, मग लिंबाच्या झाडापाशी, मग पार मागच्या भिंतीला लावली. सावली तिथंही पोचली. एके दिवशी त्यांनी बाज उचलून बाहेर नेली आणि इमारतीला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं ऊन होतं तिथं, अगदी मधोमध टाकली. ओटा वीतभर पुढं आला म्हणून तीन दुकानदारांवर अर्ज करणाऱ्या या माणसानं सरकारी रस्ता अडवला. दिवस कापसाचे. देवळीकडून बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा त्याच रस्त्यानं येत. जिजी प्रत्येक बंडीवाल्याला गाव विचारी, आणि काकाजी मिटलेली छत्री हातात घेऊन बाजूला उभे राहत. "अर्ज करन कोणी ना कोणी," ते म्हणत. रोज सकाळी नगरपालिकेत जाऊन आपल्याविरुद्ध अर्ज आला का, ते पाहून येत. अर्ज आला नाही. आठवडाभरात बंड्यांनी ती वाटच सोडली आणि शाळेच्या मागच्या लांबच्या गल्लीनं जाऊ लागल्या.

मलाही नवल वाटलं. शाळेमागे मी एका बंडीवाल्याला थांबवून विचारलं की इकडून जायला कोणी सांगितलं. तो म्हणाला, "सांगाले काऊन पाह्यजे? म्हातारी बसली हाय ना तिथं."

संक्रांतीच्या दोन दिवस आधी दुपारी काकाजी आमच्या ब्लॉकचा जिना चढून आले. त्याआधी कधी आले नव्हते, नंतरही आले नाहीत. दारातच उभे राहिले. हातात जिजीनं दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा होता. "बोटं मोकळी झाली तिची. सोतः वळले," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "बंड्या तुम्हीच वळवल्या ना?"

"नाही हो, काकाजी. मी नाही."

"तुम्ही नाईच म्हणाल. मले पहिल्याच दिवसापासून संशय होता."

मी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो हात असा होता की अर्जातल्या महिन्याची गोष्ट आता सांगून टाकावी असं मला फार वाटलं. मी तोंड उघडलं, पण डबा माझ्या हातात देऊन ते वळले होते, आणि एकेक पायरी मोजत खाली निघाले होते.

जिजी त्यानंतर तीन हिवाळे होती, काकाजी आणखी थोडे. तेवढ्या काळात माझ्याविषयी त्यांचं मत फार चांगलं झालं होतं आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवत. जन्मभर त्यांनी माझ्यावर जेवढे संशय घेतले तेवढे सगळे खरे होते, हा बंड्यांचा एक सोडून. तो खोटा आहे असं मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो असतो तर दुसरंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी गेलो नाही.